न्यू जर्सीतील पहिल्या घराचा पहिला वसंत

बर्फ वितळला की रंगकाम, कुंपण, डेक अशी कामे काढण्याचा मोह होतो. परंतु घरमालक संघाच्या (वसाहतीचे नियम व देखभाल पाहणाऱ्या संस्थेच्या) समितीची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये, कारण शेजाऱ्याचे तोंडी ‘काही हरकत नाही’ दंडाच्या नोटिशीपुढे टिकत नाही. खोदकामापूर्वी ८११ क्रमांकावर कळवावे. जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा विनामूल्य करून मिळतात. हिरवळीला १ मार्चपूर्वी खत घालण्यास राज्याच्या कायद्याने मनाई आहे, आणि फोरसिथिया या झुडपाची पिवळी फुले दिसू लागली की क्रॅबग्रास या तणाला उगवण्याआधीच रोखणारे औषध टाकण्याची वेळ आली, असे समजावे. झाडांभोवती पसरायच्या मल्चचा (लाकडाच्या भुशाचा वा सालीच्या तुकड्यांचा) थर २ ते ३ इंचांचाच असावा व बुंध्यापासून चार बोटे दूर राहावा. बुंध्याला टेकवून त्याचे डोंगर रचण्याची इथली हौस मला अनाकलनीय वाटते, कारण त्या ओलाव्याने साल कुजते.

संघाची वार्षिक सभा कंटाळवाणी असली तरी चुकवू नये. छपरे आणि रस्ते यांसाठीचा राखीव निधी अपुरा असेल, तर विशेष वर्गणीचा बोजा अखेर तुमच्यावरच येतो. पाडव्याला दर्शनी भागात गुढी उभारायची असल्यास सजावटीचे नियम आधी वाचावेत आणि शेजाऱ्यांना श्रीखंड-पुरीचे आमंत्रण द्यावे.