मिंग हे आडनाव नव्हे आणि कांगशी हे नाव नव्हे

प्रश्न असा आला आहे: एका लेखात ‘मिंग घराण्यातला सम्राट वानली’ असं छापलेलं आहे, दुसऱ्या लेखात त्याच माणसाला ‘झू यीजून’ म्हटलं आहे. मग त्याचं आडनाव मिंग की झू? आणि मराठीत घराणं, वंश, राजवट यांपैकी काय लिहावं?

आडनाव झू, नाव यीजून. वानली हे त्याच्या कारकिर्दीतल्या कालगणनेचं नाव आणि मिंग हे राज्याचं. ‘मिंग घराणं’ म्हटलं की आपल्या डोक्यात भोसले घराणं, शिंदे घराणं येतं आणि मिंग आडनावाची माणसं दिसू लागतात. गोंधळ तिथेच होतो.

चिनी लोक ज्याला मिंग छाओ म्हणतात त्यातला ‘छाओ’ म्हणजे दरबार. त्याच चिन्हाचा दुसरा उच्चार ‘झाओ’, आणि त्याचा अर्थ सकाळ. पहाटे अंधारातच अधिकारी वाड्यापुढे जमत आणि उजाडताना राजाची भेट होई, त्यावरून हा शब्द. म्हणजे मूळ शब्दात कुळाचा, रक्ताचा काही संबंध नाही. आपल्याकडे पेशव्यांचं आडनाव भट होतं, पण आपण ‘भटशाही’ म्हणत नाही, पेशवाई म्हणतो. छाओ त्या ‘ई’च्या, ‘शाही’च्या जवळचा आहे.

राजवटीला नाव मिळे कसं? आधी बहुधा जागेवरून. लिऊ बांग हा साध्या शेतकरी घरातला माणूस. त्याला हान प्रांताचं राज्य वाट्याला आलं होतं, म्हणून इ.स.पू. 202 मध्ये तो सम्राट झाला तेव्हा राजवट ‘हान’ झाली. चीनमधले बहुसंख्य लोक आजही स्वतःला हान म्हणवतात. एका नदीच्या खोऱ्याचं नाव जमातीला चिकटलं ते असं राजकारणातून. ली घराण्याकडे तांगची सरदारकी होती, म्हणून 618 मध्ये तांग. झाओ क्वांगयिन हा सोंगझोऊचा लष्करी सुभेदार होता, म्हणून 960 मध्ये सोंग.

मग बाहेरचे लोक आले आणि ही रीत बदलली. कुब्लाई खानाला चीनमध्ये कुठली जुनी जहागीर असणार? त्याने 1271 मध्ये ‘यी जिंग’ या प्राचीन ग्रंथातून ‘युआन’ म्हणजे आदी, मूळ हा शब्द उचलला. 1368 मध्ये मंगोलांना हुसकावणाऱ्या झू युआनझांगने ‘मिंग’, म्हणजे तेजस्वी, हे नाव घेतलं. हा पोरका मुलगा, काही काळ बौद्ध मठात राहून भिक्षा मागत हिंडलेला. सरदारकी त्याच्याकडेही नव्हती. मिंगनंतर चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंनी आधी आपल्या राज्याला ‘जिन’ म्हटलं होतं. पण बाराव्या शतकात उत्तर चीन जिंकून घेणाऱ्या जुर्चेन लोकांच्या राज्याचं हेच नाव होतं, आणि ती आठवण हान प्रजेला गोड असणं शक्य नव्हतं. 1636 मध्ये होंग ताइजीने ते बदलून ‘छिंग’ केलं (मराठीत ‘चिंग’ही छापतात). त्यांचं कुळनाव आइशिन ग्योरो. ते राज्याच्या नावात कुठेच नाही.

घराणं आणि राजवट एक नव्हेत याचा सगळ्यात ठसठशीत दाखला वू झेतियानचा. ली घराण्याची ही सून. नवरा गेल्यावर आपल्याच मुलांना बाजूला सारून 690 मध्ये ती स्वतः सम्राट झाली. सम्राज्ञी नव्हे, सम्राटच. पद तेच होतं. तिने तांग हे नाव काढून ‘झोऊ’ ठेवलं. 705 मध्ये तिला उतरवून तिचाच मुलगा गादीवर बसला आणि राज्य पुन्हा तांग झालं. माणसं तीच, आणि इतिहासात मात्र मध्ये वेगळी राजवट.

आता मिंग काळातला वानली, छिंग काळातले कांगशी, छियानलोंग ही मंडळी. चीनमध्ये राजा गादीवर आला की कालगणनेला नवं शुभनाव देई आणि त्याचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असं मोजे. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तशीच ही कल्पना. (ते वर्ष तिकडे कांगशी 13 होतं.) फरक एवढाच की तिथे हा एकदाच घडणारा प्रसंग नव्हता. हान राजा वू-दीपासून ही प्रथा चालू होती आणि संकट आलं, शुभशकुन दिसला की मध्येच नाव बदलत. वू झेतियानने तर वारंवार बदललं. झू युआनझांगपासून एका राजाला एकच नाव असा पायंडा पडला, आणि म्हणून मिंग-छिंग राजांना आपण त्या नावाने ओळखतो. त्याआधीच्या तांग राजांची ‘ताइझोंग’, ‘श्वानझोंग’ ही नावं मरणोत्तर, पूर्वजांच्या मंदिरात दिलेली आहेत. मिंगमधला अपवाद एकच, पण झकास. 1449 मध्ये एक सम्राट मंगोलांच्या हाती लागला, भाऊ गादीवर बसला. 1457 मध्ये पहिला पुन्हा गादीवर आला. त्याच्या नावावर झेंगतोंग आणि तियानशुन अशी दोन वर्षनामं आहेत.

चिनी मातीच्या जुन्या भांड्याचा तळ पाहिला तर बऱ्याचदा निळ्या शाईसारख्या रंगात सहा चिन्हं दिसतात: दा छिंग कांगशी न्येन झी. ‘थोर छिंग, कांगशी वर्षांत बनवलेलं.’ राज्याचं नाव आहे, शकाचं आहे, राजाचं स्वतःचं नाव कुठेच नाही. चौकोनी भोकाच्या तांब्याच्या नाण्यांवरही शकाचंच नाव, राजाचं नाही. (तळावर कांगशी आहे म्हणून भांडं त्या काळचं, असं मात्र समजू नये. पुढच्या कारागिरांनी जुनी नावं हौसेने वापरली आहेत.)

स्वतःचं नाव नाही, कारण ते लिहायचंच नसे. कांगशीचं नाव श्वानये. त्यातलं ‘श्वान’ नको म्हणून बीजिंगच्या राजवाड्याचा उत्तरेकडचा श्वानवू दरवाजा शेनवू झाला, तो आजही शेनवूच आहे. लिहिणारे एक तर शेवटची रेघ गाळत, नाही तर दुसरंच चिन्ह वापरत. कोशकारांनी वाचावी अशी गोष्ट वांग शीहोऊची आहे. याने सरकारी कांगशी कोशाची अडचण दूर करायला स्वतःचा कोश केला. कोणती चिन्हं टाळायची हे वाचकाला कळावं म्हणून सुरुवातीच्या सूचनांत त्याने कांगशी, योंगझेंग आणि त्या वेळी गादीवर असलेला छियानलोंग यांची खरी नावं छापली. 1777 मध्ये त्याला देहदंड झाला. टाळण्याचा नियम समजावून सांगायलाही नाव लिहावं लागतं, ही त्याची अडचण कुणी ऐकून घेतली नाही.

वर्षाचं नाव मानणं म्हणजे सत्ता मानणं, हे सगळ्यांनाच पक्कं ठाऊक होतं. 1644 मध्ये मिंग बुडाल्यावरही कोरियातले विद्वान खासगी लेखनात शेवटच्या मिंग सम्राटाचं ‘चोंगझेन’ वर्ष लिहीत राहिले. मांचूंचं वर्ष लिहायला त्यांचा हात धजेना. 1912 मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा राजाचं नाव गेलं पण मोजणी राहिली: ‘मिंगुओ’, म्हणजे प्रजासत्ताक, वर्ष पहिलं. प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकायने सम्राट व्हायचा घाट घातला तेव्हा 1916 चं नाव लगेच ‘होंगश्येन’ ठेवलं. मार्चमध्ये ते गुंडाळावं लागलं. 1917 च्या जुलैत झांग शून या सेनापतीने शेवटचा छिंग सम्राट, बाल पुयी, याला बारा दिवस पुन्हा गादीवर बसवलं, तेव्हा फर्मानांवर त्याच्या जुन्या वर्षनामाने ‘श्वानतोंग 9’ पडलं, जणू मधली वर्षं झालीच नाहीत. 1949 मध्ये कम्युनिस्टांनी ही पद्धतच मोडून इसवी सन घेतला. तैवानमध्ये मिंगुओ अजून चालू आहे. इसवी सनातून 1911 वजा केले की तिथलं वर्ष निघतं.

तर मराठीत काय लिहावं? राज्याबद्दल बोलताना ‘मिंग राजवट’ किंवा ‘मिंग काळ’. कुळाबद्दलच बोलायचं असेल तर ‘झू घराणं’. ‘मिंग वंश’ पूर्ण टाळावं, कारण त्यातून नेमकी नसलेली गोष्ट सूचित होते. ‘मिंग घराणं’ पाठ्यपुस्तकांतून इतकं रुळलं आहे की ते चूक ठरवून खोडत बसण्यात अर्थ नाही, पण जिथे सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली हाच विषय आहे तिथे मी ते वापरत नाही. आणि ‘सम्राट कांगशी’पेक्षा ‘कांगशी सम्राट’ बरं: कांगशी वर्षांचा सम्राट, असा अर्थ त्या क्रमातून आपोआप लागतो.