वाचकांचे प्रश्न : बोस्टनच्या चहापासून सेलमच्या जहाजांपर्यंत

प्रश्न : मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी 'बोस्टन टी पार्टी, १७७३' हा विषय घेतला आहे. इंटरनेटवर शोधलं की शाळकरी निबंधच पुढे येतात. मूळ साधनं वापरा, असं मार्गदर्शकांचं म्हणणं आहे. ती मुंबईत बसून कशी मिळवायची?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : मिळतील, आणि त्यांतली बरीचशी फुकट मिळतील. अडचण तुमच्या शोधशब्दात आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ब्रिटिशांच्या चहावरील कराचा निषेध म्हणून वसाहतीतल्या लोकांनी बोस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा ३४२ पेट्या चहा समुद्रात टाकला, पण त्या वेळी कोणी त्याला 'टी पार्टी' म्हणत नव्हतं. हे नाव रूढ व्हायला पुढे अर्धशतक जावं लागलं. त्यामुळे १७७३ च्या कागदांत ते शोधून हाती काही लागणार नाही. त्या काळचे लोक 'चहाचा नाश' म्हणत. म्हणून इंग्रजीत 'डिस्ट्रक्शन ऑफ द टी' किंवा नुसतं 'टी' असं शोधा आणि तारखेची मर्यादा घाला.

सुरुवात 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळापासून करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची संपादित पत्रं आणि रोजनिश्या तिथे मोफत ठेवल्या आहेत. जॉन ॲडम्सची १७ डिसेंबर १७७३ ची नोंद उघडून पाहा. काल रात्री तीन जहाजांवरचा 'बोही' चहा समुद्रात ओतला, असं तो दुसऱ्याच दिवशी लिहितो. बोही म्हणजे चिनी काळा चहा. तो कँटनहून लंडनमार्गे बोस्टनला गेलेला होता. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव दिसल्यावर आपल्याकडचे विद्यार्थी भारतीय चहाचा धागा शोधू लागतात. तो इथे नाही. कंपनीचे संबंधित कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत.

वर्तमानपत्रांसाठी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर हारबॉटल डोर याचा संग्रह पाहा. बोस्टनच्या या दुकानदाराने १७६५ ते १७७६ ची वर्तमानपत्रं जपली, समासात आपल्या हाताने शेरे लिहिले, मागच्या-पुढच्या पानांचे संदर्भ जोडले आणि स्वतःची सूचीही बनवली. चार खंड आहेत, सगळे मोफत. संगणकाच्या शोधाआधी त्याची सूची वाचा. त्या काळचा एक वाचक कोणत्या गोष्टीला कोणत्या नावाखाली टाकत होता, ते तिच्यातून कळतं.

आता पुस्तकं. मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, दोन्ही ठिकाणच्या तालिका पाहा. ज्या ग्रंथालयात ड्यूई वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत) असेल तिथे ९७३.२ (वसाहतकाळ) आणि ९७३.३ (क्रांती) हे क्रमांक मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सचा इतिहास ९७४.४ ला, म्हणजे दुसऱ्याच फळीवर असतो आणि हमखास नजरेतून सुटतो. विषयशीर्षक पाहताना 'रेव्होल्यूशन, १७७५–१७८३' खालचं 'कॉजेस' हे उपशीर्षकही उघडा. १७७३ च्या घटनेवरची पुस्तकं बऱ्याचदा तिथे असतात. एक चांगला ग्रंथ मिळाला की आधी त्याच्या तळटिपा उतरवून घ्या.

तळटिपेत 'एव्हन्स' आणि पुढे आकडा दिसला तर तो जसाच्या तसा टिपून ठेवा. चार्ल्स एव्हन्सने १६३९ पासून अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांची, पत्रकांची क्रमांकवार यादी सुरू केली. ती १८०० पर्यंत येते. त्या काळी पत्रकांची नावं तीन-तीन ओळींची आणि एकमेकांसारखी असत. क्रमांकामुळे घोटाळा टळतो. यांतली सुमारे ५,००० पत्रकं-पुस्तकं 'एव्हन्स-टीसीपी' या संग्रहात माणसांनी टंकलिखित केलेली आहेत आणि ती सर्वांना खुली आहेत.

प्रश्न : जुन्या छापील पानावर शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधात येत नाही. असं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांब असे आणि 'एफ'सारखा दिसे. शब्दाच्या शेवटचा मात्र नेहमीचा. पानावरची अक्षरं वाचणारं यंत्र लांब 'एस'ला 'एफ' समजतं. म्हणून 'शिप' शोधताना एकदा नेहमीसारखं आणि एकदा पहिल्या 'एस'च्या जागी 'एफ' घालून शोधा. 'काँग्रेस'च्या शेवटच्या दोन 'एस'पैकी फक्त पहिला बदला. १८०० च्या आसपास हा लांब 'एस' छपाईतून गेला. एव्हन्स-टीसीपीत ही अडचण येत नाही.

तारखांचंही असंच होतं. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदले आणि पंचांग जुनं, म्हणजे ज्युलियन होतं. वॉशिंग्टनचा जन्म त्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१, आताच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२. १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या कागदांवर '१७३१/३२' असं दुहेरी वर्ष दिसलं तर ती छपाईची चूक नाही. टिपणात दोन्ही वर्षं लिहा.

प्रश्न : त्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेचा मुंबईशी काही संबंध होता का? अभ्यास कुठे करता येईल?
– एक निवृत्त शिक्षक, दादर

उत्तर : होता, आणि हा विषय आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं एक टोक आपल्याच शहरात आहे. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १७९४ मध्ये झालेल्या 'जे करारा'च्या (जॉन जे यांच्या नावाने ओळखला जाणारा) तेराव्या कलमाने अमेरिकी जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या इथल्या बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. अट अशी, की इथला माल थेट अमेरिकेतच उतरवायचा. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराच्या कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापली आणि आपल्या सफरींच्या रोजनिश्या तिथे जमा केल्या. पीबॉडी एसेक्स म्युझियमची फिलिप्स लायब्ररी आज तो ठेवा सांभाळते. तिची तालिका ऑनलाइन पाहता येते.

इकडची बाजू एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात शोधा. ओळखपत्र आणि शक्य असेल तर संस्थेचं पत्र बरोबर न्या. 'अमेरिकी जहाजं दाखवा' असं सांगून भागणार नाही. खातं, वर्ष आणि खंड क्रमांक द्यावा लागतो. म्हणून आधी सेलमच्या तालिकेतून जहाजाचं नाव आणि वर्ष पक्कं करा, मग त्या वर्षाचे व्यापार खात्याचे खंड मागवा. दोन्हीकडच्या नोंदींत एका दिवसाचा फरक आला तर गोंधळू नका. जहाजावरचा दिवस मध्यरात्री नव्हे, आदल्या दुपारी बाराला सुरू होई. त्यामुळे ३ मार्चला संध्याकाळी मुंबईसमोर टाकलेला नांगर कप्तानाच्या वहीत ४ मार्चला पडलेला असू शकतो.