दंडाची बेटकुळी काढताना आत नक्की काय होतं?

तुम्ही विचारलंय की बेटकुळी काढताना आतले धागे रबरासारखे आवळले जातात का, आणि हात सैल सोडताना एनर्जी लागत नसेल ना. दोन्हीचं उत्तर उलटं आहे.

मटण नीट शिजलं की त्याचे रेषे सुटतात बघा, तो एकेक रेषा म्हणजे स्नायुतंतूंची जुडी. त्यातला एक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी, तिच्यात अजून बारीक दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांत एकापुढे एक लावलेले सार्कोमिअर नावाचे तुकडे, एकेक जेमतेम 2 ते 2.5 मायक्रोमीटरचा. खरा खेळ इथेच. सार्कोमिअरमध्ये मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या दोन प्रथिनांचे, मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक, तंतू एकमेकांत घुसलेले असतात, आकुंचनात ते नुसते आणखी आत सरकतात, स्वतः आखूड होत नाहीत. हे 1954 मध्ये 'नेचर'मध्ये दोन वेगळ्या टीमनी एकदमच मांडलं, दोन्हीकडे एकेक हक्सली, अँड्र्यू आणि ह्यू, आणि नातं काहीच नाही!

आता सरकवतं कोण? नसेकडून सिग्नल आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ते अ‍ॅक्टिनच्या तंतूवरच्या ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटलं की अ‍ॅक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनच्या तंतूतून बाहेर आलेली टोकं, म्हणजे त्याची डोकी, तिथे पकडतात, ओढतात, सोडतात, परत पुढे पकडतात, विहिरीतून पोहरा शेंदताना आपण दोर हातावर हात घेत ओढतो ना, तसंच. सगळी डोकी एकदम सोडत नाहीत म्हणून दोर मागे घसरत नाही.

पुस्तकात हे एका ओळीत उरकतात, पण पकड सुटायला एटीपीचा, म्हणजे पेशीला एनर्जी पुरवणाऱ्या रेणूचा, नवा रेणू डोक्याला येऊन चिकटावाच लागतो. शिवाय कॅल्शियम परत साठ्यात भरायलाही एटीपीच. म्हणजे सैल सोडणंही फुकट नाही.

मेल्यावर शरीर ताठ होतं ते यामुळेच, एटीपी संपला की डोकी पकडलेलीच राहतात. बाजारात बांगडा डोक्याकडून आडवा धरला आणि शेपटी लोंबली नाही तर तो याच अवस्थेत असतो. अगदी जाळ्यातून काढलेला लवचिक असतो, मग ताठतो, आणि पुढे परत मऊ पडतो तो काही एटीपी परत आला म्हणून नाही, एन्झाईम्स ती बांधणीच तोडायला लागतात म्हणून.