फोटॉनिक चिपवरचं फेज चेंज मटेरियल कमी ऊर्जेत स्विच व्हावं म्हणून मटेरियलच बदलावं का?

फोटॉनिक चिप म्हणजे विजेऐवजी प्रकाश वाहून नेणारी चिप. तिच्यावरचं फेज चेंज मटेरियल हीटरला विजेची पल्स देऊन तापवलं की स्फटिक किंवा अस्फटिक होतं आणि त्यानुसार प्रकाशाशी वेगळं वागतं; हा बदल म्हणजे स्विचिंग. तुमच्या गाइडनी जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युराइड हे असं नेहमीचं मटेरियल सोडून नवं शोधायला सांगितलंय, कारण एका स्विचिंगला फार ऊर्जा लागते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मलाही हेच सांगितलं होतं. त्यात माझे चौदा महिने गेले, म्हणून लिहितेय.

माझा तुकडा ५ मायक्रॉन लांब, अर्धा मायक्रॉन रुंद आणि २० नॅनोमीटर जाड होता. एवढं मटेरियल ६०० अंशांच्या पुढे नेऊन वितळवायला किती उष्णता लागते, याचा हिशोब दहा मिनिटांचा आहे. उत्तर येतं जेमतेम ०.१ नॅनोज्यूल. आणि मी देत होते १२ व्होल्ट, ४०० नॅनोसेकंद, एकूण ४०० ओहम रोधातून, म्हणजे १४४ नॅनोज्यूल. हजारातला एक भाग मटेरियलला मिळत होता, बाकी सगळा हीटर, सिलिकॉन आणि सिलिका तापवण्यात जात होता. हा कागद मी माझ्या गाइड सरांपुढे ठेवला. "हीटर हे फॅबचं, म्हणजे चिप बनवणाऱ्यांचं काम, त्यात संशोधन काय?" असं म्हणून त्यांनी तो परत दिला.

मग मी चार प्रोब लावून, म्हणजे जोडांचा रोध वेगळा काढता येईल अशा पद्धतीनं, रोध मोजला. ४०० पैकी १५० ओहम नुसत्या धातूच्या जोडांत होते! वर्षभर मी जोड तापवत होते आणि दोष मटेरियलला देत होते. जोडाखालच्या सिलिकॉनचं डोपिंग (वहन वाढवणारी भेसळ) वाढवल्यावर त्यातला बराचसा रोध गेला.

पुढची चूक माझी. उष्णता बाजूच्या सिलिकॉनमधून पळते, म्हणून मी हीटरच्या दोन्ही अंगांनी चर कोरले. ऊर्जा झटक्यात उतरली, स्फटिकीकरण सुरेख होऊ लागलं. अस्फटिक मात्र होईना. ऑसिलोस्कोपवर पल्सनंतर चिपमधून येणाऱ्या प्रकाशाची रेषा वर चढायची आणि बघता बघता पुन्हा होती तिथे येऊन बसायची. वितळलेलं मटेरियल सेकंदाला अब्जावधी अंशांच्या वेगानं निवावं लागतं. मी उष्णतेची वाटच अडवली होती, त्यामुळे ते निवता निवता परत स्फटिक होत होतं. तीन चिप वाया गेल्यावर चर अर्धे बुजवले आणि पल्स १०० नॅनोसेकंदांवर आणली. सिलिकामध्ये उष्णता ४०० नॅनोसेकंदांत साधारण अर्धा मायक्रॉन पसरते, १०० मध्ये त्याच्या निम्मी. व्होल्टेज वाढवावं लागलं, तरी एकूण ऊर्जा घटली.

तेव्हा मटेरियल बदलणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही. हीटर लहान करा, मटेरियलला चिकटून ठेवा, पल्स आखूड करा. आखूड पल्सच्या जास्त व्होल्टेजनं हीटर फुटू शकतो, तेवढं सांभाळा.

हो, तुमची अडचण प्रकाश शोषला जाण्याची असेल तर गोष्ट वेगळी. १५५० नॅनोमीटरला स्फटिक टेल्युराइड फार प्रकाश खातं. प्रकाश न शोषता नुसती त्याच्या लहरीची फेज बदलायची असेल तर अँटिमनी सेलेनाइड खरंच चांगलं, पण त्याच्या दोन स्थितींमधला अपवर्तनांकाचा फरक कमी, म्हणून तुकडा लांब लागतो आणि तो तापवायला पुन्हा ऊर्जा. आणि दर सेकंदाला हजारो वेळा स्विच करणार असाल तर या मार्गाला लागूच नका. साध्या थर्मल फेज शिफ्टरला (उष्णतेनं प्रकाशाची फेज बदलणाऱ्या भागाला) स्थिती टिकवायला सतत मिलिवॅट लागतात, इथे टिकवायला शून्य. फायदा आहे तो तेवढाच, आणि तो क्वचित स्विच करणाऱ्यालाच मिळतो.

गाइडना आधी हे दोन आकडे दाखवा: वितळायला लागणारी ऊर्जा आणि तुम्ही देताय ती. सोबत चार प्रोबचं रीडिंग. माझ्या प्रबंधात तो तक्ता सरांनी परिशिष्टात ढकलायला लावला. तुम्ही तो पहिल्या प्रकरणात घाला.