आधी भरा, मागाहून परत घ्या, असं फुले योजनेत नसतं

तुम्ही लिहिलंय की वडिलांना बायपास सांगितलीय, रेशन कार्ड केशरी आहे, आणि हॉस्पिटल म्हणतंय की आधी ऐंशी हजार भरा, फुले योजनेतून नंतर परत मिळतील. ताई, भरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. आपण भरलेल्या पावत्या जोडून योजनेकडे पैसे मागायची सोय तिच्यात नाही.

पैसा कसा फिरतो ते कळलं की हे लगेच लक्षात येतं. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. हॉस्पिटल कागद ऑनलाइन पाठवतं, मंजुरी येते, ऑपरेशन होतं आणि रक्कम थेट हॉस्पिटलला जाते. त्यात ऑपरेशन, औषधं, जेवण, घरी परतायचं भाडं, डिस्चार्जनंतरच्या 10 दिवसांची तपासणीही धरलेली असते. हा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपल्याच करांचा. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या यादीतल्या कुटुंबांसाठी केंद्र 60 टक्के देतं, राज्य 40. म्हणून मागताना संकोच करू नका.

आम्ही चुकलो ते इथेच. सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी एका हॉस्पिटलात "योजनेच्या खाटा भरल्यात" असं सांगून आमच्याकडून कॅश पेशंटच्या, म्हणजे स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या, फॉर्मवर सही घेतली. आरोग्यमित्राचं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल खालच्याच मजल्यावर होतं, ते कुणी सांगितलं नाही. बायकोचे दागिने गहाण पडले. एकदा कॅशमध्ये भरती झाली की योजनेत वळवणं फार अवघड जातं, म्हणून सही करायच्या आधी आरोग्यमित्राला गाठा. हॉस्पिटल योजनेत असलं तरी हृदयशस्त्रक्रियेसाठी आहे का, तेही त्यालाच विचारा. मान्यता विभागवार असते.

कार्डाच्या रंगाची चिंता नको. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा दीड लाख होती आणि पांढरं कार्डवाले बाहेर होते. जुलै 2023 च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला 5 लाख आणि पांढऱ्या कार्डालाही लाभ मिळाला. पुष्कळांना अजून हे माहीत नाही, आणि ते कर्ज काढत राहतात याचं फार वाईट वाटतं.

तिथे जमलंच नाही तर धर्मादाय रुग्णालय बघा. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलाच्या 2 टक्के रकमेतून या गरीब रुग्णांसाठीचा निधी उभा राहतो. उत्पन्नाचा दाखला लागेल, तो आजच तहसीलला टाका.

उद्या सकाळी रेशन कार्ड, तुमचं आणि वडिलांचं आधार कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी घेऊन जा. पुन्हा पैसे मागितले तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला, फोन लावा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.