स्टिअरिंगचं बटण, फोनचा असिस्टंट

प्रश्न : म्हापसा-पणजी रोजची ये-जा. स्टिअरिंगवरचं बोलण्याचं बटण दाबलं की गाडीचीच यंत्रणा बोलते. फोनचा गूगल असिस्टंट येत नाही. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : बटण झटकन सोडू नका, दोनेक सेकंद दाबून धरा. अँड्रॉइड ऑटो किंवा (आयफोनचं) कारप्ले, म्हणजे फोन गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय, जोडलेलं असेल तर बहुतेक गाड्यांत एवढ्यानं काम होतं. (हे मांडवीच्या पुलावर नव्हे, गाडी उभी करून तपासा.) तरीही नाही? केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. फक्त ब्लूटूथवर असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावाखाली ‘फोन कॉल’ चालू हवं. नुसतं ‘मीडिया ऑडिओ’ असेल तर गाणी वाजतात, पण गाडीचा माइक फोनला मिळत नाही. घोळ बहुधा इथेच असतो. आयफोन असेल तर फोन लॉक असताना सिरीला (आयफोनच्या असिस्टंटला) परवानगी द्या.