तुमचे प्रश्न: कन्सल्टंट, अफवा आणि लांबचं घर

प्रश्न : आमचे इचलकरंजीत 24 लूम (कापड विणायचे यंत्रमाग) आहेत, वडिलांनी सुरू केलेले, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. धाकटा एमबीए करून आलाय आणि रोज एकच रट लावतो, कन्सल्टंट आणूया, सिस्टीम लावूया. वडील म्हणतात चाळीस वर्षं धंदा चाललाय तो काय सिस्टीमवर चालला का. मला फी ऐकूनच घाम फुटला. ताई, याचा खरंच उपयोग होतो की नुसत्या स्लाइडी दाखवून जातात?

उत्तर : तुमच्या घरात जो वाद चाललाय ना, त्यावर चक्क प्रयोग झालाय, आणि तोही कापडाच्याच धंद्यात, आपलं तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव इथल्या कारखान्यांत. निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे पाच अर्थतज्ज्ञांनी 2008 च्या सुमारास 17 कंपन्यांचे 28 प्लांट घेतले. काहींना मोठ्या कन्सल्टिंग कंपनीची माणसं महिनाभर येऊन फक्त काय चुकतंय ते सांगून गेली, आणि काहींकडे तीच माणसं पुढे चार महिने थांबून ते सगळं करवून घेत होती. कुणाच्या वाट्याला काय ते लॉटरीने, म्हणजे हुशार मालकच पुढे आले असं म्हणायला जागा नाही.

करवून घेतलं काय? ऐकाल तर म्हणाल यासाठी कन्सल्टंट कशाला. जमिनीवरचा कचरा उचला, सूत ढिगात न टाकता नीट लावून त्याचा हिशोब ठेवा, मशीन कधी आणि कशामुळे बंद पडलं ते लिहा, फॉल्ट कुठल्या लूमवरून आला ते रोज बघा. अशा 38 गोष्टींची यादी होती. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत त्यातल्या काहींनी नवीन प्लांटही टाकले.

मग आधी का नव्हते करत? बऱ्याच मालकांचं म्हणणं तुमच्या वडिलांसारखंच होतं, आमचा माल शेजारच्यापेक्षा वाईट नाही, नफा होतोय, बदलायचं कशाला. (शेजारचाही हेच म्हणत होता, हे वेगळं सांगायला नको.) आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कंपनी किती मोठी होणार हे मुख्यतः कशावर ठरत होतं, तर मालकाच्या घरात पुरुष माणसं किती! बाहेरच्या मॅनेजरच्या हातात कारभार द्यायचा तर चोरीची भीती, आणि चोरी झालीच तर कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवायच्या, म्हणून जेवढे भाऊ आणि मुलगे तेवढाच धंदा. घरातल्या मुलींचा विचार त्या हिशोबात कुठेच नाही, तुमच्या पत्रातही नाही, असो.

आता धाकट्याला हेही वाचून दाखवा. हेच संशोधक 2017 मध्ये परत गेले तेव्हा नव्याने लावलेल्या सवयींपैकी साधारण निम्म्या सुटलेल्या होत्या, कुठे मॅनेजर सोडून गेला, कुठे मालकालाच वेळ उरला नाही. तरीही ज्यांच्याकडे काहीच करवून घेतलं नव्हतं त्यांच्यापेक्षा हे बरेच पुढे होते. आणि ते कारखाने तुमच्यापेक्षा खूप मोठे, सरासरी अडीचशेच्या वर कामगार असलेले, शिवाय त्यांना हा सल्ला फुकट मिळाला होता, त्यामुळे 24 लूमला तसली फी झेपेल असं मला वाटत नाही. मी तुमच्या जागी असते तर तीन महिने नुसती एक वही घातली असती: लूम नंबर, किती वेळ बंद, का बंद, मेंडिंगला (म्हणजे दोष दुरुस्त करायला) किती मीटर गेलं. एवढंच. पण ती वही दिवाणजींनी काम सोडलं तर कोण लिहिणार ते आजच ठरवा, कारण गाडी अडते ती तिथेच.

प्रश्न : आईची आठ लाखांची एफडी आमच्या तालुक्यातल्या सहकारी बँकेत आहे. व्हॉट्सॲपवर बँक बुडणार असा मेसेज फिरतोय, समोरच्या काकूंनी कालच पैसे काढले. मी पण काढू का? (सातारा जिल्हा)

उत्तर : काकूंनी काढले म्हणून आपण काढायचे, याच्यावरही अभ्यास आहे बरं का. 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक बुडाली आणि गुजरातमधल्या दुसऱ्या सहकारी बँकांसमोरही रांगा लागल्या. राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांनी त्यातल्या एका बँकेच्या खातेदारांची एकेक नोंद तपासली. ज्यांच्या ओळखीतल्या माणसांनी, म्हणजे शेजाऱ्यांनी किंवा खातं उघडताना ज्याने ओळख दिली होती त्याने पैसे काढले, त्यांनीही पैसे काढायला धावण्याची शक्यता जास्त. जुनं खातं असलेले किंवा त्याच बँकेतून कर्ज घेतलेले लोक कमी धावले. आणि जे पैसे काढून गेले त्यातले बहुतेक परत आलेच नाहीत.

बँक चांगली असली तरी अशी पडू शकते, कारण आपला पैसा तिने दहा-वीस वर्षांच्या कर्जात घातलेला असतो, सगळे एकदम दारात आले तर आणणार कुठून. डायमंड आणि डिबविग या अर्थतज्ज्ञांनी 1983 मध्ये हेच मांडलं, त्यांना बेन बर्नांकी या तिसऱ्या अर्थतज्ज्ञाबरोबर 2022 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आईचं. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी रक्कम, 2020 पासून पाच लाखांचा आहे, पण तो व्याज धरून आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, त्यामुळे दोन शाखांत चार-चार लाख ठेवून काही साधत नाही. बँकेवर निर्बंध आले तर 90 दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद 2021 मध्ये झाली. मी मेसेज खरा की खोटा या भानगडीत पडणार नाही, पण मेसेज आला नसता तरी आठ लाख एकाच बँकेत ठेवू नका असंच म्हटलं असतं. साडेचार लाख तिथे राहू द्या, बाकीचे दुसऱ्या बँकेत, मुदतीआधी एफडी मोडल्यावर किती व्याज कापतात तेवढं विचारून घ्या. आणि ती नक्की बँकच आहे ना, पतसंस्था नाही ना, हे पासबुकावर बघा, कारण पतसंस्थेला हा विमा नाहीच.

प्रश्न : म्हाडाच्या लॉटरीत विरारला घर लागलं. नोकरी परळला, माहेर-सासर दोन्ही लालबागला, मुलगी तीन वर्षांची. सगळे म्हणतात नशीब काढलंस, मला मात्र रडू येतंय. मी वेडी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. अहमदाबादला 1987 मध्ये गरीब कामगार बायकांना अशीच लॉटरीने घरं दिली होती, शहराच्या मध्यापासून साधारण 12 किलोमीटरवर. शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी खूप वर्षांनी जाऊन पाहिलं तर लॉटरी लागलेल्यांपैकी 34 टक्के तिथे राहायला गेल्याच नव्हत्या आणि आणखी 32 टक्के जाऊन परत आल्या. घर चांगलं होतं, पण कमाईत किंवा मुलांच्या पुढच्या आयुष्यात फरक पडला नाही, आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसं मात्र लांब गेली. तुमचं रडू त्यातलंच आहे.

पण घर घ्या. घेणं आणि राहायला जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मुलगी शाळेत जाईपर्यंत लालबागलाच थांबलात तर काही बिघडत नाही. फक्त भाड्याने देण्याआधी म्हाडाच्या अटी वाचा, आणि पहिल्या हप्त्याआधी एकदा सकाळी विरारहून फास्ट लोकल पकडून परळपर्यंत या, उभ्याने.